ट्रोजन काढला तरी परत येतोय? आधी त्याला कोण आणतंय ते शोधा

खाली उजव्या कोपऱ्यात डिफेंडरची, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसची, सूचना येते, 'थ्रेट्स फाउंड'. आपण ती उघडतो, 'रिमूव्ह' दाबतो, हिरवी खूण दिसते आणि जीव भांड्यात पडतो. दुसऱ्या दिवशी संगणक सुरू केला की ये रे माझ्या मागल्या. मग कुणीतरी सांगतं म्हणून दुसरा अँटीव्हायरस टाकला जातो. तोही तेच नाव दाखवतो, तोही ते काढतो आणि ते नाव पुन्हा हजर. शेवटी सीपीयू उचलून दुकानात न्यायचा, पैसे मोजून फॉरमॅट मारून आणायचा, आणि महिन्याभरात पहिले पाढे पंचावन्न.

यात गोंधळ एकाच ठिकाणी होतो. ट्रोजन म्हणजे कामाचा असल्याचं सोंग घेऊन आलेला घातक प्रोग्राम. तो आपल्या पायांनी घरात येत नाही. वर्म नेटवर्कवरून किंवा पेनड्राइव्हवरून स्वतःच्या प्रती काढत फिरतो; ट्रोजनला मात्र कुणीतरी दार उघडून आत घ्यावं लागतं. तोच ट्रोजन पुन्हापुन्हा दिसत असेल तर त्याला आणणारं काहीतरी संगणकात किंवा घरात शिल्लक आहे. ठरावीक वेळी आपोआप चालणारं एखादं टास्क, एखादी झिप फाइल, ब्राउझरचं एक्स्टेन्शन, पेनड्राइव्ह, नाहीतर ज्याने फॉरमॅट करून दिला त्याची सीडी. अँटीव्हायरस रोज पुसतो ती फाइल म्हणजे आणणाऱ्याने टाकलेला माल. तेवढाच पुसत बसणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

खालची सगळी माहिती घरगुती विंडोज १० आणि ११ साठी आहे. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर यातलं काहीही करू नका. सरळ तिथल्या आयटीवाल्यांना फोन करा.

आधी बघा, तो खरंच परत येतोय का

'माझ्या संगणकात पाच व्हायरस सापडलेत' असं सांगणाऱ्या कितीतरी लोकांच्या संगणकात एकही नसतो. कोपऱ्यातली ती सूचना नीट वाचा. तिच्यात क्रोमचं किंवा एजचं चिन्ह आणि बारीक अक्षरात एखाद्या वेबसाइटचं नाव असेल, तर ती डिफेंडरची नाहीच. सिनेमा किंवा क्रिकेट फुकट दाखवणाऱ्या कुठल्यातरी साइटने 'अलाऊ'ची चौकट दाखवली, घरात कुणीतरी ती दाबली, आणि तेव्हापासून ती साइट व्हायरसच्या नावाने जाहिराती पाठवतेय. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', मग 'साइट सेटिंग्ज', मग 'नोटिफिकेशन्स' इथे जा आणि अनोळखी साइट्स काढून टाका. एवढ्याने काम संपतं. अशा सूचनेत फोन नंबर असेल तर त्यावर चुकूनही फोन करू नका. पलीकडचा माणूस 'मदत' म्हणून संगणकाचा ताबा मागतो.

दुसरा प्रकार जुन्या नोंदीचा. ट्रोजन कधीच गेलेला असतो, पण डिफेंडरच्या इतिहासात त्याची नोंद अडकून राहते आणि प्रत्येक स्कॅननंतर तोच धोका नव्याने सापडल्यासारखा दिसतो. ओळखायचं कसं? 'प्रोटेक्शन हिस्टरी'तली नोंद उघडा आणि तिथे दिलेल्या जागी ती फाइल आहे का ते स्वतः जाऊन बघा. फाइल नाही आणि नोंदीची तारीखही जुनीच, तर ही भुताटकी आहे. सी ड्राइव्हवर 'प्रोग्रामडेटा' नावाचं लपवलेलं फोल्डर असतं. त्यात मायक्रोसॉफ्ट, विंडोज डिफेंडर, स्कॅन्स, हिस्टरी, सर्व्हिस अशा पायऱ्या उतरत गेलात की 'डिटेक्शनहिस्टरी' सापडेल. त्याच्या आतलं सगळं पुसा आणि संगणक रीस्टार्ट करा. विंडोजने पुसू दिलं नाही तर सेफ मोडमध्ये जाऊन पुसा.

नावापेक्षा पत्ता महत्त्वाचा

लोक ट्रोजनचं नाव घेऊन इंटरनेटवर शोधत बसतात. त्यातून फार काही हाती लागत नाही. उलट त्या नावाने बनवलेल्या पानांवर 'हे काढण्यासाठी आमचं सॉफ्टवेअर डाउनलोड करा' एवढंच असतं, आणि ते सॉफ्टवेअर म्हणजे नवीच डोकेदुखी. 'ट्रोजन:विन३२/वाकाटॅक.बी!एमएल' हे नाव तर घरोघरी दिसतं. शेवटच्या 'एमएल'चा अर्थ एवढाच, की हा निकाल मशीन लर्निंगने लावलाय, म्हणजे फाइलची एकंदर लक्षणं संशयास्पद वाटली. ती फाइल नेमकी काय करते ते त्या नावावरून कळत नाही, आणि क्वचित चांगल्या फाइललाही हा शिक्का बसतो.

खरी माहिती, म्हणजे फाइलचा पत्ता, असते 'ॲफेक्टेड आयटम्स' या शब्दांखाली. विंडोज सिक्युरिटी उघडा, 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मधून 'प्रोटेक्शन हिस्टरी'त जा, नोंदीवर क्लिक करा. ती ओळ वहीत उतरवून घ्या किंवा मोबाइलने फोटो काढा. ओळीच्या सुरुवातीला एक शब्द असतो, तिकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. 'फाइल' असेल तर साधी फाइल. 'कंटेनरफाइल' असेल तर माल झिप, आयएसओ किंवा इन्स्टॉलरच्या आत आहे. डिफेंडरला पुष्कळदा आतला एक तुकडा काढता येत नाही, म्हणून तो रोज तीच झिप दाखवत राहतो. सबंध झिप उडवा, रिसायकल बिन रिकामा करा. 'वेबफाइल' म्हणजे डाउनलोड होताना पकडलेली. आणि 'सीएमडीलाइन' असेल तर कान टवकारा. इथे फाइल नाहीच. कुणीतरी ठरावीक वेळाने एक आज्ञा चालवतंय आणि डिफेंडर ती अडवतोय. हे दर थोड्या वेळाने होत असेल तर जवळपास नेहमी टास्क शेड्युलरमध्येच उत्तर सापडतं.

पत्त्यातली फोल्डरंही बोलतात. 'सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' दिसलं तर ट्रोजन जुन्या रिस्टोर पॉइंटमध्ये, म्हणजे विंडोजने काढून ठेवलेल्या जुन्या स्थितीच्या प्रतीत, पडलाय. सगळं साफ झाल्यावर सिस्टम प्रोटेक्शन एकदा बंद करून पुन्हा चालू केलं की तो जातो. आधी करू नका. थंडरबर्डसारख्या ईमेल प्रोग्रामच्या फोल्डरचा पत्ता असेल तर जुन्या मेलमधली अटॅचमेंट आहे. ती मेल शोधून पुसा, सबंध मेलबॉक्स नको. ब्राउझरच्या कॅशचा पत्ता असेल तर ब्राउझिंग डेटा साफ करा. पत्ता डी ड्राइव्हचा असेल तर त्याबद्दल पुढे बरंच लिहिलंय.

डिफेंडरचे हात बांधलेत का?

स्कॅन लावण्याआधी हे बघायलाच हवं, नाहीतर स्कॅनला अर्थ उरत नाही. 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये 'मॅनेज सेटिंग्ज' दाबा, तळाशी 'एक्सक्लूजन्स' आहे. इथे ज्या फोल्डरांची नावं असतात तिकडे डिफेंडर बघत नाही. बरेच ट्रोजन आत आल्याआल्या पहिलं काम हेच करतात, आपलं फोल्डर या यादीत घालतात. कधीकधी तर सबंध सी ड्राइव्ह यादीत दिसतो! मग स्कॅन अर्ध्या मिनिटात संपतो, 'नो थ्रेट्स' म्हणतो आणि आपण निर्धास्त. यादीतली जी नावं तुम्ही स्वतः घातलेली नाहीत ती सगळी काढा. त्याच पानावर 'टँपर प्रोटेक्शन' (दुसऱ्या प्रोग्रामना डिफेंडरच्या सेटिंग्ज बदलू न देणारं बटण) चालू आहे ना तेही बघा.

घरच्या संगणकावर 'ही सेटिंग तुमच्या ॲडमिनिस्ट्रेटरच्या ताब्यात आहे' अशा अर्थाची ओळ येऊन बटणं करडी दिसत असतील, तर कुणीतरी रेजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारात, धोरण लिहून ठेवलंय. रेजिस्ट्री एडिटर उघडा. 'एचकी लोकल मशीन', सॉफ्टवेअर, पॉलिसीज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज डिफेंडर इथे 'डिसेबल अँटीस्पायवेअर'सारखी नोंद किंवा 'एक्सक्लूजन्स' नावाची शाखा असेल. आधी ती शाखा एक्स्पोर्ट करून ठेवा, मग पुसा. रेजिस्ट्रीत कधीच हात घातला नसेल तर हे काम जाणत्या माणसाला शेजारी बसवून करा.

टास्क शेड्युलर

आमच्या सोसायटीतल्या एका काकांच्या संगणकावर अगदी हेच चाललं होतं. दर अर्ध्या तासाने डिफेंडरची सूचना, प्रत्येक वेळी 'सीएमडीलाइन', प्रत्येक वेळी 'रिमूव्ह्ड'. स्टार्टमध्ये 'टास्क शेड्युलर' लिहून उघडला आणि डावीकडे 'टास्क शेड्युलर लायब्ररी'वर क्लिक केलं. मधल्या खान्यात आठदहा नावं होती. त्यातली दोन गूगलच्या अपडेटची, एकाखाली एक, नावात जेमतेम एका अक्षराचा फरक.

मी दुसऱ्यावर उजवं क्लिक केलं तसे काका म्हणाले, "अरे, ते गूगलचं आहे, ते नको काढूस."

"काका, नाव गूगलचं आहे. पत्ता बघा."

'ॲक्शन्स' हा टॅब उघडला. खऱ्या टास्कमध्ये 'प्रोग्राम फाइल्स'मधल्या गूगलच्या फोल्डरातला प्रोग्राम होता. दुसऱ्यात होतं 'डब्ल्यूस्क्रिप्ट', म्हणजे स्क्रिप्ट चालवणारा विंडोजचा प्रोग्राम, आणि पुढे 'ॲपडेटा'मधल्या 'रोमिंग'खालच्या एका फोल्डरातली व्हीबीएस फाइल. त्या फोल्डराचं नाव म्हणजे मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यावर उमटावीत तशी अक्षरं. 'ट्रिगर्स'मध्ये लिहिलेलं: लॉगइन झाल्यावर सुरू, नंतर दर ३० मिनिटांनी, कायमचं. ती व्हीबीएस फाइल इंटरनेटवरून ट्रोजन आणण्याची आज्ञा चालवायची. डिफेंडर त्या आज्ञेला पकडायचा, पण आज्ञा देणाऱ्याला कुणी हातच लावला नव्हता. टास्क आणि ते फोल्डर दोन्ही काढल्यावर सूचना थांबल्या.

तुमच्याकडे बघताना नावावर जाऊ नका, प्रत्येक टास्कचं 'ॲक्शन्स' बघा. डब्ल्यूस्क्रिप्ट, एमएसएचटीए, किंवा 'हिडन' आणि 'एन्क' हे शब्द व पुढे निरर्थक अक्षरांची लांबच लांब माळ असलेलं पॉवरशेल घरच्या संगणकावर असण्याचं कारण नाही. टेंप किंवा ॲपडेटामधून चालणारं काहीही संशयित समजा. मात्र काही चांगले प्रोग्रामही ॲपडेटामध्ये राहतात, तेव्हा लगेच पुसू नका. आधी 'डिसेबल' करा, रीस्टार्ट करा, एखादा दिवस बघा.

टास्क ही एकच जागा नाही. स्टार्टअप फोल्डर, रेजिस्ट्रीतली 'रन' यादी, सर्व्हिसेस, डब्ल्यूएमआय अशा पुष्कळ आहेत. त्या एकेक उघडत बसण्यापेक्षा 'ऑटोरन्स' घ्या. हे सिसइंटर्नल्सचं फुकट साधन आहे आणि २००६ पासून सिसइंटर्नल्स मायक्रोसॉफ्टकडे आहे, म्हणून ते फक्त मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच उतरवा. 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडा. 'ऑप्शन्स'मध्ये 'हाइड मायक्रोसॉफ्ट एंट्रीज'वर खूण करा, म्हणजे शेकडो ओळींच्या थोड्याच उरतील. तिथेच व्हायरसटोटलवर तपासून घेण्याचीही सोय आहे. ओळीपुढे किती अँटीव्हायरसनी ती फाइल वाईट ठरवली तो आकडा येतो. गुलाबी ओळ म्हणजे सही किंवा प्रकाशकाची माहिती नाही, पिवळी म्हणजे फाइलच जागेवर नाही. गुलाबी दिसली की घाबरायचं कारण नाही, कितीतरी साधेभोळे प्रोग्राम सहीशिवाय असतात. इथेही आधी नुसती खूण काढा, पुसणं नंतर.

जाताजाता आणखी एक तपासणी. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. 'रन'ची चौकट उघडेल. तिच्या बाजूचा बाण दाबला की आधी चालवलेल्या आज्ञा दिसतात. तिथे पॉवरशेल किंवा एमएसएचटीए, एखादा वेबपत्ता आणि शेवटी 'आय ॲम नॉट अ रोबोट' असलं काही सापडलं तर ट्रोजन कसा शिरला ते कळलंच. २०२४ पासून ही युक्ती जोरात आहे. एखादं पान 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' म्हणतं आणि विंडोज-आर, कंट्रोल-व्ही, एंटर दाबायला लावतं. आज्ञा त्या पानाने आधीच क्लिपबोर्डवर ठेवलेली असते. आपण आपल्याच हाताने ती चालवतो, त्यामुळे ब्राउझरची डाउनलोडची तपासणी आडवी येतच नाही. घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: कुठल्याही खऱ्या कॅप्चाला ही चौकट लागत नाही.

ब्राउझरमधून परत येणारा

होमपेज बदलतंय, गूगलवर शोधलं की भलतंच सर्च इंजिन उघडतंय, एक्स्टेन्शन काढलं की संध्याकाळी परत दिसतंय, क्रोम काढून नव्याने टाकलं तरी तेच. याची कारणं दोन. एक म्हणजे सिंक. एक्स्टेन्शन तुमच्या गूगल खात्याला चिकटलेलं असतं. तुम्ही इथून काढता, दुसऱ्या संगणकावर ते असतंच, आणि तिकडून इकडे येतं. सिंकमधलं 'एक्स्टेन्शन्स' बंद करा, सगळ्या संगणकांवरून ते काढा, मग वाटल्यास पुन्हा चालू करा.

दुसरं कारण धोरणाचं. क्रोमच्या तीन ठिपक्यांच्या मेनूत तळाला 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' दिसतंय का? घरच्या संगणकावर ऑर्गनायझेशन कुठली आली? कधीकधी अँटीव्हायरस अशी ओळ आणतो, म्हणून खात्री करा. ॲड्रेस बारमध्ये क्रोम, कोलन, दोन स्लॅश आणि पॉलिसी असं इंग्रजीत टाइप केलं की लागू असलेली धोरणं दिसतात. तिथे 'एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट' असेल तर एक्स्टेन्शन सक्तीने बसवलं जातंय. रेजिस्ट्रीतल्या त्याच 'पॉलिसीज'मध्ये गूगल आणि त्याखाली क्रोम ही शाखा असते. ती काढल्याशिवाय सुटका नाही.

फॉरमॅटनंतरही येतो तो

आता मुख्य गोष्टीकडे वळू. त्याच काकांनी महिन्यापूर्वीच दुकानातून फॉरमॅट करून आणला होता. मी सेटिंग्जमध्ये 'सिस्टम', मग 'ॲक्टिव्हेशन' उघडलं. लिहिलेलं होतं, विंडोज तुमच्या ऑर्गनायझेशनच्या ॲक्टिव्हेशन सर्व्हिसने ॲक्टिव्हेट झालंय.

"काका, तुमची ऑर्गनायझेशन कोणती?"

"मी तर रिटायर झालोय रे."

ही ओळ घरच्या संगणकावर दिसली की समजायचं, केएमएसचा क्रॅक, म्हणजे पैसे न भरता विंडोज ॲक्टिव्हेट करणारा चोरटा प्रोग्राम, लावलाय. केएमएस ही मोठ्या कंपन्यांसाठीची सोय आहे. कंपनीच्या आत एक सर्व्हर असतो, तो संगणकांना १८० दिवसांची मान्यता देतो आणि ती अधूनमधून आपोआप वाढत जाते. क्रॅक हा सर्व्हर असल्याचं सोंग करतो. ते सोंग टिकवायला त्याला कायम चालणारं टास्क लागतं, पूर्ण ताबा लागतो, आणि डिफेंडरने त्याला पकडू नये म्हणून एक्सक्लूजन लागतं. म्हणजे फॉरमॅट करून देणाऱ्यानेच डिफेंडरच्या डोळ्यांवर पट्टी बांधून दिलेली असते. तो क्रॅक कुठून आणला, त्यात आणखी काय होतं, हे त्यालाही ठाऊक नसतं. तो वर्षानुवर्षं त्याच पेनड्राइव्हवरून सगळ्या गिऱ्हाइकांना तेच लावत असतो.

यातला खरा विनोद असा, की बहुतेकांना क्रॅकची गरजच नसते. २०१२ मध्ये विंडोज ८ आल्यापासून, ज्या ब्रँडेड लॅपटॉपसोबत विंडोज आलं त्यांची लायसन्स की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच असते. त्यावर योग्य आवृत्ती, बहुधा होम, नव्याने टाकली आणि इंटरनेट जोडलं की ती आपोआप ॲक्टिव्हेट होते. दुकानदार सरसकट प्रो टाकतो, प्रोची की नसते, म्हणून क्रॅक लावतो. पैसे भरून घेतलेलं अस्सल विंडोज पुसून त्या जागी चोरीचं बसवायचं, तेही मजुरी घेऊन! असेंबल्ड संगणकाला की नसेल तर ॲक्टिव्हेट न करताही विंडोज चालतं. कोपऱ्यात पाणचिन्ह दिसतं, सेटिंग्जमधून वॉलपेपर बदलता येत नाही, पण डिफेंडर आणि सुरक्षेची अपडेट्स मिळत राहतात. क्रॅकपेक्षा ते पाणचिन्ह शतपटीने बरं.

आणि डी ड्राइव्ह. फॉरमॅट होतो फक्त सी. डी ड्राइव्हवरचं 'सॉफ्टवेअर्स' किंवा 'सेटअप' नावाचं फोल्डर वर्षानुवर्षं तसंच असतं. त्यात जुना विनरार, फोटोशॉपचा क्रॅक, मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरची 'पॅच' फाइल, मुलांच्या गेम्सचे कीजेन (खोट्या लायसन्स की बनवणारे प्रोग्राम). फॉरमॅट झाल्यावर पहिल्या संध्याकाळी आपणच त्या फोल्डरातून एकेक सेटअप चालवत जातो, आणि एखादा म्हणतोही, 'आधी अँटीव्हायरस बंद करा'. ते फोल्डर सबंध उडवा. जे लागतं ते मूळ साइटवरून पुन्हा उतरवता येतं. मराठी टायपिंग तर विंडोजमध्येच आहे, भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडली की झालं.

पेनड्राइव्ह

झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढून आणली, पेनड्राइव्ह लावला, आणि सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले. हा खरं तर वर्म, पण मागून ट्रोजन आणतो म्हणून इथे घेतोय. विंडोजने पेनड्राइव्हचं आपोआप चालणं २०११ पर्यंत जुन्या आवृत्त्यांतूनही बंद केलं, तेव्हापासून हे शॉर्टकट वाढले. शॉर्टकट उघडला की तुमचं फोल्डर उघडतं, त्यामुळे शंका येत नाही. मागच्या मागे वर्मही चालतो. तुमच्या फाइल्स गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. फाइल एक्स्प्लोररच्या 'फोल्डर ऑप्शन्स'मध्ये लपवलेल्या फाइल्स दाखवा आणि 'प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टम फाइल्स' लपवण्याची खूण काढा. मूळ फोल्डर कधीकधी नाव नसलेलं दिसतं. आतले कागद आणि फोटो बाहेर काढा, पेनड्राइव्ह फॉरमॅट करा. दुकानात पेनड्राइव्ह नेण्यापेक्षा पीडीएफ मेल केलेली बरी.

साफसफाईचा क्रम

वरचं सगळं बघून झालं, एक्सक्लूजन्स काढली, संशयित टास्क बंद केली, क्रॅक आणि झिपा उडवल्या, मगच स्कॅन. आधी डिफेंडर अपडेट करा. नंतर 'स्कॅन ऑप्शन्स'मधून 'ऑफलाइन स्कॅन' निवडा. संगणक रीस्टार्ट होईल आणि विंडोज सुरू होण्याआधीच साधारण १५ मिनिटं स्कॅन चालेल. ट्रोजन तेव्हा जागा नसतो, त्यामुळे लपू शकत नाही. ड्राइव्ह एन्क्रिप्ट केलेला असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी मायक्रोसॉफ्ट खात्यातून लिहून घ्या, मधेच मागितली तर पंचाईत नको. परत आल्यावर फुल स्कॅन लावून जेवायला जा.

दुसरं मत हवं असेल तर मायक्रोसॉफ्टचा सेफ्टी स्कॅनर घ्या. तो बसवावा लागत नाही आणि उतरवल्यापासून १० दिवसांनी बाद होतो, म्हणून दरवेळी नवा घ्या. सीईआरटी-इन या सरकारी संस्थेने २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवरही अशी फुकट साधनं आहेत. मात्र दोन अँटीव्हायरस कायमचे एकत्र ठेवू नका, ते एकमेकांच्या पायात पाय घालतात.

तपासायला संगणक 'शटडाऊन' नव्हे, 'रीस्टार्ट' करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाऊनमध्ये विंडोजचा गाभा जसाच्या तसा साठवला जातो. एवढं करूनही तोच पत्ता नव्याने, नव्या तारखेने दिसला, किंवा डिफेंडर चालूच होत नसेल, तर जास्त झटू नका. विंडोज पूर्ण नव्याने टाका, पण नीट. दुसऱ्या स्वच्छ संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार करा. कागदपत्रं, फोटो, व्हिडिओ बाहेरच्या डिस्कवर घ्या. ईएक्सई, एमएसआय, बॅट, व्हीबीएस, एलएनके, आयएसओ, झिप असलं काहीही सोबत घेऊ नका. सेटअपमध्ये त्या डिस्कची सगळी पार्टिशन्स पुसा, डी ड्राइव्हसकट. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा संगणक झेपत असेल तर आताच ११ टाका.

पासवर्ड

संगणक साफ झाला तरी चोरलेलं परत येत नाही. आजचे पुष्कळ ट्रोजन काही मोडत नाहीत, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकीज उचलतात आणि निघून जातात. लुमा हा त्यातला बडा. १६ मार्च ते १६ मे २०२५ या दोन महिन्यांत त्याने बाधित केलेले ३,९४,००० हून अधिक विंडोज संगणक मायक्रोसॉफ्टला आढळले. कुकी हाती लागली की चोराला ओटीपीही लागत नाही, कारण तुम्ही आधीच आत आहात असं साइटला वाटतं.

म्हणून पासवर्ड मोबाइलवरून बदला, त्या संगणकावरून नव्हे. पहिला नंबर ईमेलचा, कारण बाकीच्या सगळ्या पासवर्डांची किल्ली तिथे. गूगल खात्यात 'युवर डिव्हाइसेस'मधून सगळीकडून साइन आउट करा. मग जीमेलच्या सेटिंगमध्ये 'फॉरवर्डिंग' आणि 'फिल्टर्स' बघा. तुमची मेल गुपचूप दुसरीकडे जात असेल तर पासवर्ड बदलूनही ती जातच राहते. रिकव्हरीचा नंबर तुमचाच आहे ना? व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस'मधून सगळं काढा. नेटबँकिंगचा पासवर्ड बदला आणि खात्याची नोंद तपासा.

पैसे गेले असतील तर संगणक नंतर, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन आणि बँकेला लेखी कळवणं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, कळवल्यानंतर झालेल्या अनधिकृत व्यवहारांचं नुकसान बँकेने सोसायचं असतं, म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. अशा वेळी संगणक फॉरमॅट करायची घाई नको. 'प्रोटेक्शन हिस्टरी'चे फोटो आधी काढा, तक्रारीला जोडता येतात.